नर्सबाईंचा दाखला



केईएम, जे. जे. किंवा वाडिया इस्पितळाची वाट घोडपदेवात कोणाला ठाऊक नाही? तिथली नर्स शिकलेली असते. पण घरी माणूस अंथरुणाला खिळले की आपण बाई ठेवतो नि फक्त पगार विचारतो.

मुंबई इलाख्यात १९३५ साली परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा झाला. १९४७ साली देशभर शिक्षणाची पातळी एक राहावी म्हणून भारतीय परिचर्या परिषदेचा, तर १९६६ साली आपल्या राज्याचा कायदा आला. परीक्षा उतरलेल्या नर्सचे नाव महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या पटावर चढते. गैरवर्तन केल्यास काढताही येते.

माझ्या सासूबाईंसाठी एकांनी पाठवलेली बाई फार मायाळू होती. न्हाऊ घालण्यात तिचा हात धरणारी मिळाली नसती. पण इन्सुलिनची सुई घेताच ती गोंधळली. दोष तिचा नव्हे. पांढरी साडी नेसवून तिला नर्स म्हणवणाऱ्यांचा. सेविकेचे काम मानाचेच आहे, पण सुई-सलाईन नोंदलेल्या नर्सच्याच हाती असावे.

म्हणून दाखला पाहायला मागा. जिने रात्रपाळ्या करून तो मिळवला, तिला दाखवताना अभिमानच वाटेल.