परमुलखांतील पतीचा अनुनय

रुसून माहेरीं गेलेल्या पत्नीची समजूत घालावयास पतीनें सासुरवाडीस जावें, हा विनोद घरोघरीं ठाऊक आहे. शेक्सपीअरनें ‘ऑल्स वेल दॅट एन्ड्स वेल’ या नाटकांत तो प्रवास पत्नीच्या वांट्यास दिला, आणि तोही परमुलखांत.

हेलेना ही एका फ्रेंच वैद्याची पोरकी मुलगी. बापानें मागें ठेवलेल्या औषधानें ती राजाचें असाध्य ठरलेलें दुखणें बरें करते आणि बक्षीस म्हणून तरुण सरदार बर्ट्रम यास पति मागते. राजाज्ञेपुढें बर्ट्रम मान तुकवतो. परंतु लग्न लागतांच वधूस आपल्या आईकडे धाडून स्वतः फ्लॉरेन्सच्या लढाईवर निघून जातो. मागाहून पत्र येतें. अटी दोन: त्याच्या बोटांतील वडिलोपार्जित अंगठी तिनें मिळवावी आणि त्याच्यापासून झालेलें मूल दाखवावें. तोंवर तो तिचा पति नव्हे.

अंगठी म्हटली कीं मराठी श्रोत्यांस शाकुंतल आठवणारच. पण दुष्यंताच्या विस्मरणास दुर्वासाच्या शापाची सबब आहे. बर्ट्रमला सारें लख्ख आठवतें. वैद्याची मुलगी त्याला नको आहे, इतकेंच.

हेलेना यात्रेकरूच्या वेषांत फ्लॉरेन्सला पोहोंचते, तों स्वारी डायाना नांवाच्या एका विधवेच्या मुलीमागें लागलेली! येथें अश्रु ढाळण्याऐवजीं हेलेना त्या विधवेशीं व्यवहाराचें बोलते. मुलीच्या हुंड्याची सोय होते, डायाना अंगठी मागून घेते, आणि रात्रीच्या अंधारांत, मुळींच बोलावयाचें नाहीं या बोलीवर, तिच्या जागीं हेलेना जाते. परस्त्रीच्या भेटीस निघालेला नवरा स्वतःच्या बायकोस भेटून येतो, आणि तिची अंगठी बोटांत घालून! पुढें हेलेना मरण पावल्याच्या वार्तेनें निर्धास्त होऊन तो फ्रान्सला परततो, तेव्हां राजा ती अंगठी ओळखतो. कारण ती त्यानेंच हेलेनास दिलेली असते. बर्ट्रम एकामागून एक थापा मारीत सुटतो. ही फजिती नाटकांतील खरी हास्याची जागा.

हें कथानक मूळ बोकाचिओच्या ‘डेकॅमेरॉन’मधलें. त्यांतील जिलेटा नवऱ्याच्या गैरहजेरींत त्याची विस्कटलेली जहागीर सावरते आणि शेवटीं बापाच्या तोंडवळ्याचे दोन मुलगे घेऊन मेजवानींत उभी राहते. तिची योग्यता नवऱ्यास डोळ्यांनीं दिसते. शेक्सपीअरनें हा आधार काढून घेतला. १७६५ सालीं डॉ. जॉन्सननें बर्ट्रमविषयीं उघड नापसंती दर्शविली, ती अकारण नव्हे.

विष्णु मोरेश्वर महाजनी यांनीं या नाटकाच्या मराठी रूपांतरास ‘वल्लभानुनय’ हें नांव दिलें. इंग्रजी नांव शेवट गोड झाल्याची ग्वाही देतें. मराठी नांव फक्त अनुनयाचें बोलतें. तेंच अधिक प्रामाणिक म्हणावयास हवें. कारण अखेरच्या प्रवेशांत गरोदर हेलेना दोन्ही अटी पुऱ्या करून समोर येते, तेव्हांही बर्ट्रमच्या तोंडीं ‘जर’ आहेच: हें सारें नीट उलगडून सांगितलें, तर तो प्रेम करील. हेलेना त्यास थोडक्यांत उत्तर देते आणि सासूकडे वळते. पहिल्यापासून सुनेचा पक्ष घेऊन पोटच्या पोरास दोष देणारी हीच एक बाई. आणि नाटकांतलें हेलेनाचें शेवटचें, जिव्हाळ्याचें वाक्य आहे तें तिला उद्देशून.