चौथरा आणि कलादालन



स्मारकांविषयीची समकालीन कला विद्यापीठाच्या कलादालनात मांडावी का, हा प्रश्न या परिषदेपुढे आहे. मांडावी, आणि विद्यापीठातच मांडावी, असं माझं मत आहे. मात्र त्यासाठी सहसा दिलं जाणारं कारण मला पटत नाही. कलादालन ही सुरक्षित जागा, तापलेल्या विषयावर तिथे थंड डोक्याने बोलता येतं, असं म्हटलं जातं. केप टाउनचा अनुभव नेमका उलट आहे.

तिथल्या विद्यापीठाच्या आवारात ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल रोड्सचा ब्राँझचा बसलेला पुतळा होता, मॅरियन वॉलगेट या शिल्पकर्तीने घडवलेला, १९३४ सालचा. मार्च २०१५मध्ये एका विद्यार्थ्याने त्यावर विष्ठा फेकली, महिनाभर आंदोलन पेटलं आणि ९ एप्रिलला क्रेनने पुतळा उचलला. त्या वेळी सेथेंबिले म्सेझाने ही कलाकार केसांचे पंख लावून, चापुंगू पक्ष्याच्या रूपात, जवळच एका चौथऱ्यावर कित्येक तास उभी होती. ग्रेट झिंबाब्वेच्या अवशेषांतला असाच एक दगडी पक्षी रोड्सने आपल्या घरी नेऊन ठेवला होता. काय नेलं आणि कुणाचं नेलं, याविषयी पुतळा ऐंशी वर्षं गप्प होता. ते एका स्त्रीने स्वतःचा देह उभा करून बोलून दाखवलं. स्मारकाविषयीच्या कलेचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

पुढचा भाग मात्र अधिक विचार करायला लावणारा आहे. मार्च २०१६मध्ये त्याच आंदोलनावरचं छायाचित्रांचं प्रदर्शन त्याच विद्यापीठाच्या आफ्रिकी अभ्यास केंद्राच्या दालनात भरलं, आणि ट्रान्स विद्यार्थ्यांच्या गटाने ते उद्घाटनालाच अडवलं. आंदोलनात आम्ही होतो, मग भिंतीवर आम्ही जवळजवळ दिसतच नाही, असं का, हा त्यांचा सवाल होता. त्यांनी छायाचित्रांवर लाल रंग फासला, दारात स्वतःला आडवं टाकलं. दुसऱ्याची कलाकृती विद्रूप करणं मला मान्य नाही, पण त्यांचा सवाल खोटा ठरत नाही. पुतळा हटवणाऱ्यांचं प्रदर्शनही वर्षभरात स्मारक होऊ लागलं होतं: कुणाला लक्षात ठेवायचं आणि कुणाला वगळायचं, हे परस्पर ठरवणारं. पुतळ्याला जाब द्यायला लावण्यात मात्र आठ दशकं गेली, प्रदर्शनाला तो पहिल्याच दिवशी द्यावा लागला. दालनाचं खरं बळ मला इथे दिसतं. तिथली मांडणी मुदतीची असते, तिला हरकत घेता येते, ती बदलता येते.

यावर कुणी म्हणेल, दालनात येतात मूठभर शिकलेले लोक. स्मारक चौकातलं, तर त्याला उत्तरही चौकातच हवं. हे बरंचसं खरं आहे. हॅम्बुर्गच्या हारबुर्ग भागात योखेन गेर्त्स आणि एस्थर शालेव्ह-गेर्त्स यांनी १९८६ साली फॅसिझमविरोधी स्तंभ उभारला. १२ मीटर उंच, शिशाने मढवलेला. लोकांनी त्यावर सह्या कराव्यात आणि तो टप्प्याटप्प्याने जमिनीत उतरत जावा, अशी योजना होती. त्यावर स्वस्तिकंही खरडली गेली. तीही स्तंभासोबत खाली गेली. १९९३पर्यंत तो पूर्ण जमिनीखाली गेला. असं काम चौकातच शोभतं. पण चौक ज्यांच्या ताब्यात असतो त्यांची परवानगी त्याला लागते, आणि ती क्वचितच मिळते. जे चौकात उभं राहू दिलं जाणार नाही, त्याच्यासाठी विद्यापीठाचं दालन हवं.

पुतळा हलवला की इतिहास पुसला जातो, ही दुसरी हरकत मला फार वजनदार वाटत नाही. मुंबईतला सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली राणीच्या बागेत गेला, तरी तो जिथे उभा होता त्या भागाला लोक काळा घोडाच म्हणत राहिले.

म्हणून आपल्या कलामहाविद्यालयांना आणि विद्यापीठांना माझी विनंती आहे. असं प्रदर्शन भरवताना निवड कुणी केली आणि काय वगळलं, हे दारावरच लिहा. हरकत आली तर प्रदर्शन गुंडाळू नका. ती हरकत त्याच भिंतीवर, कलाकृतींच्या शेजारी लावा आणि मुदत संपेपर्यंत ती तिथे राहू द्या.