आधी टायर वाचा, मग खर्च करा



सस्पेन्शन आणि व्हील अलाइनमेंट हे माझं रोजचं काम. आपल्या बॅचमधले दोघे-तिघे हल्ली स्पोर्ट्स कार घेऊन ट्रॅकवर जातात. सगळ्यांचा प्रश्न एकच: "टायर इतक्या लवकर का संपतात, आणि कोणतं सस्पेन्शन किट बसवू?" माझं उत्तर असतं, किटचं नंतर बघू, आधी टायर वाच.

पोर्शेची ७१८ केमन घ्या. तिच्या चारही चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आहेत. वळणावर गाडी बाहेर झुकते आणि या रचनेत चाकही तिच्याबरोबर कलतं. भार टायरच्या बाहेरच्या कडेवर येतो. मधली नक्षी शाबूत आणि कड गुळगुळीत, अशी झीज दिसते. घड्याळाच्या दिशेने धावायच्या ट्रॅकवर डावे टायर आधी जातात. पुढचे टायर २३५ मिलिमीटरचे, मागचे २६५ चे. त्यामुळे पुढचे मागे टाकून झीज वाटून घेता येत नाही.

अशा वेळी अनेक जण आधी छोट्या स्प्रिंग टाकून गाडी खाली बसवतात. दिसते छान! पण स्ट्रटची गाडी फार खाली आणली, की ती ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली सरकतो. दोघांतलं अंतर वाढतं, म्हणजे गाडीला झुकवणारी तरफ लांब होते. शाळेत शिकलेला तरफेचा नियम इथे खिशाला भिडतो.

म्हणून क्रम असा ठेवा. पहिली हवा: फेऱ्यांमध्ये टायर तापून दाब वाढतो, तेव्हा ट्रॅकवर तो गरम असतानाच मोजा. मग पिटमध्ये येताच टायरचं तापमान आत, मध्ये आणि बाहेर घ्या. मध्य जास्त गरम असेल तर हवा जास्त आहे. बाहेरची कड फार गरम असेल तर निगेटिव्ह कँबर कमी पडतोय. चाकाचा माथा आणखी आत कलवायला हवा. त्यासाठी स्ट्रटच्या डोक्यावर कँबर प्लेट बसवता येते. त्यानंतर अँटी-रोल बार. स्प्रिंग आणि डँपर सगळ्यात शेवटी, आणि तेही एकमेकांना साजेसे.

आता खरी काळजीची गोष्ट. पुण्याहून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर गाडी चालवत जाणारे त्याच टायरवर सुमारे १२०० किलोमीटर परत येतात. ट्रॅकसाठी कलवलेलं चाक सरळ रस्त्यावर आतल्या कडेवर जास्त टेकतं. त्यात टो बिघडलेला असेल, तर ती कड झपाट्याने खाल्ली जाते. उभं राहून पाहिलं तर ती दिसतच नाही! कायद्याने नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. पावसात पाणी बाहेर टाकणाऱ्या खाचाच उरल्या नसतील, तर हायवेवर गाडी पाण्यावर तरंगते आणि ब्रेकचं काही चालत नाही. तुम्ही आणि शेजारी बसलेलं माणूस, दोघांचा जीव साधारण चार तळहातांएवढ्या रबरावर असतो.

म्हणून ट्रॅकवरून निघण्यापूर्वी हवा पुन्हा नीट करा, स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरची आतली कड हाताने चाचपा, मागच्यांसाठी टॉर्च घेऊन खाली वाका. पाच मिनिटांचं काम आहे.

ज्यांनी आज आपली गाडी आणली आहे, त्यांनी जेवणानंतर पार्किंगमध्ये भेटा. टॉर्च आणि नक्षीची खोली मोजायचा गेज माझ्या डिकीत आहे. किट विकणार नाही, शब्द देतो!