कोरा राहिलेला नकाशा

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मी नववीच्या विद्यार्थ्यांना आपल्या गावाचा नकाशा काढावयास सांगितले. मशीद, मदरसा, कब्रस्तान, खाडीवरचा धक्का, सारे बरोबर आले. परंतु पऱ्याच्या पलीकडे कागद कोरा! कुणबीवाडी कोठे संपते, बौद्धवाडीची विहीर कोठे आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक होते. एका मुलाने मात्र दुबईतील वडिलांच्या खोलीचा रस्ता न अडखळता सांगितला. हसू आले, पण मन खिन्नही झाले.

यात मुलांचा दोष नाही. आपली कोकणातील माणसे पिढ्यानपिढ्या बाहेर. आजोबा बोटीवर, वडील आखातात आणि गावातील चिरेबंदी घर बहुधा कुलूपबंद. मशिदीच्या कामासाठी जमातीची बैठक बोलाविली की बसावयास जागा पुरत नाही. ग्रामसभेला मात्र मोहल्ल्यातील आम्ही चार जण. मीही दोन वर्षांपूर्वीपर्यंत घरीच बसत असे.

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. गावातील प्रत्येक मतदार तिचा सभासद आहे. आपल्या राज्यात वर्षाला किमान चार सभा घ्याव्या लागतात आणि त्याआधी स्त्रियांची स्वतंत्र सभा. गणसंख्या १५ टक्के मतदार किंवा १०० यांपैकी जी कमी असेल ती. ती न भरल्यास सभा तहकूब होते. तहकूब सभेस मात्र ही अट नसते. म्हणजे आपण घरी राहिल्याने ठराव अडत नाहीत, आपल्यावाचून होतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतीच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी राखून ठेवली. ती कोठे खर्चावी, हे गावाच्या आराखड्यात ठरते.

पाणी म्हटल्यावर भगिनी माझ्याकडे पाहू लागल्या! तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या भागात एप्रिलमध्ये विहीर तळ गाठते, कारण जांभ्यातून पाणी झिरपून खाडीला मिळते. पावसाळा संपताच पऱ्यावर पोत्यांचा बंधारा घातला तर विहिरीला पाणी अधिक दिवस टिकते. वरच्या वाडीतील लोक हे दरवर्षी करतात. आमच्या आराखड्यात मोहल्ल्यातील विहिरीचा गाळ काढण्याचे काम नव्हते, म्हणून मी ग्रामसभेत रागाने विचारले. एक सदस्य शांतपणे म्हणाले, "सर, तुमच्याकडून कोणी मागितलेच नाही." मी खाली बसलो.

त्यानंतर दोन रविवार मुलांना घेऊन गाव फिरलो. वरच्या वाडीतील एका आजोबांनी झाडीत बुजलेला पाट दाखविला. "तुमच्या नि आमच्या आज्यांनी हा मिळून साफ करायचा," ते म्हणाले. मोहल्ल्यातील एकाही मुलाने हे घरी ऐकले नव्हते.

नवा नकाशा बाहेर व्हरांड्यात लावला आहे, जाताना अवश्य पाहावा. त्यात अकरा विहिरी आहेत, पैकी चार वापरात नाहीत. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तो मांडावयाचा आहे. मुले नकाशा धरून उभी राहतील, पण अठरा वर्षे पूर्ण नसल्याने मागणी त्यांना करता येणार नाही. ती तुम्हाला करावी लागेल. महिला सभा त्याआधी होईल. तारीख मुलांच्या वहीत लिहून देईन.