मागच्या चाकाकडची ‘कट्-कट्’ : घाट चढण्यापूर्वी ऐका



हापूसचा हंगाम म्हणजे मार्च ते मे. या दिवसांत देवगड, मालवण, वेंगुर्ले पट्ट्यातल्या पिकअप आणि जीपगाड्यांना उसंत नसते. पेट्या भरून गाडी फोंडा घाट किंवा आंबोली घाट चढते आणि येताना खताच्या गोणी घेऊन उतरते. अशा वेळी मागच्या बाजूने ‘कट्-कट्’ आवाज येऊ लागला, तर आपण म्हणतो, ‘चलता हा मां, मगे बघूया.’ नाहीतर घाबरून सरळ मागचे हाऊसिंग उघडायला सांगतो. दोन्ही गोष्टी नुकसानीच्या. करपा आहे की तुडतुडा, हे पाहिल्याशिवाय आपण औषध फवारत नाही. गाडीचेही तसेच आहे. आधी लक्षण ओळखा, मग पाना हातात घ्या.

आवाज कसा ओळखावा?

मागच्या टायरवर खडूने एक खूण करा. सपाट, मोकळ्या रस्त्यावर गाडी माणसाच्या चालीने चालवा आणि एकाला बाजूने सुरक्षित अंतरावर चालत ऐकायला सांगा. चाकाच्या एका फेऱ्याला एकदाच ‘कट्’ होत असेल, तर दोष बहुधा टायर, चाक, ड्रम किंवा बेअरिंगमध्ये असतो. पिकअप-जीपमध्ये चाकाचा एक फेरा होईपर्यंत मधला शाफ्ट साधारण चार ते पाच फेरे घेतो. म्हणून एका फेऱ्यात चार-पाच वेळा आवाज आला, तर शाफ्टच्या क्रॉसकडे पाहा. क्लच सोडताना एकच ठोका बसत असेल, तर क्रॉस झिजला असेल किंवा पाट्यांचे यू-बोल्ट सैल असतील. खड्ड्यात आवाज येत असेल, तर पाट्यांचे बुश तपासा. फक्त वळणावरच येत असेल, तर मात्र हाऊसिंगमधल्या दात्यांचा संशय घ्यावा. वळताना बाहेरचे चाक जास्त फिरते, आतले कमी. हा फरक सांभाळणारे छोटे दाते त्याच वेळी काम करतात.

तपासणी स्वस्तापासून सुरू करा

गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या चाकांना पुढून-मागून ओंडके लावा. मागचे चाक फिरवून पाहायचे, तर हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून ओंडके विसरू नका. जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली शिरू नका. हाऊसिंगखाली भक्कम लाकडी ठोकळा द्या. आधाराला चिरा वापरू नका, तो वजनाखाली एकदम फुटतो.

पहिली गोष्ट, टायरच्या खाचांत अडकलेला खडा किंवा खिळा. खडा काढून टाका. खिळा मात्र पंक्चरवाल्याकडेच काढावा.

दुसरी, चाकाचे नट. नटाभोवती तांबूस भुकटी किंवा गंजाचे ओघळ दिसले, तर नट सैल आहेत असे समजा. ते समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि पन्नास-साठ किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. डिस्कची भोके लांबट झाली असतील, तर नुसते आवळून भागत नाही. डिस्क आणि बोल्ट बदलावेत.

तिसरी, क्रॉस. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. क्रॉसच्या दोन्ही बाजू हातांनी धरून उलटसुलट पिळा. मधे ढिलाई लागली किंवा कपांजवळ लाल भुकटी दिसली, तर क्रॉस बदलावा. निप्पल असेल, तर चारही कपांतून ताजे ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस भरत जा.

चौथी, बेअरिंग. उचललेले चाक वर-खाली धरून हलवा. खेळ असेल किंवा फिरवताना खरखर लागली, तर मेकॅनिककडे जा. टायरच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ असतील, तर ऑइल सील गेले आहे. ते तेल लायनरवर उतरले की ब्रेक धरत नाही.

शेवटी हाऊसिंगचे तेल. थोडे काढून चिमटीत चोळून पाहा. बारीक काळसर लगदा चालतो. पण चकाकणारे कपचे निघाले, तर गाडी भरू नका, हाऊसिंग उघडावेच लागेल.

किनाऱ्यावरच्या गाड्यांसाठी

मासळी भरायला गाडी वाळूत, खाऱ्या पाण्यात उतरवली असेल, तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा आणि क्रॉसला ग्रीस द्या. तापलेले हाऊसिंग पाण्यात बुडाले की थंड होताना पाणी आत ओढते. तेल दुधाच्या चहासारखे दिसले, तर लगेच बदला.

बंधूंनो, उतारावर क्रॉस तुटला, तर इंजिनाचा चाकांना मिळणारा अटकाव जातो आणि सारा भार ब्रेकवर येतो. काही गाड्यांत आतला दांडाच चाक धरून ठेवतो. तो तुटला, तर चाकच निखळते. पेट्या जातील त्या जातील, चालकाचा आणि समोरून येणाऱ्याचा जीवही धोक्यात येतो. म्हणून नट सैल, क्रॉस ढिला किंवा बेअरिंगला खेळ दिसला, तर भरलेली गाडी घाटात नेऊ नका. एक दिवस थांबा, पेट्या शेजाऱ्याच्या गाडीने पाठवा.

मेकॅनिककडे गेल्यावर तीन गोष्टी सांगा : आवाज कोणत्या बाजूने येतो, केव्हा येतो आणि चाकाच्या एका फेऱ्यात किती वेळा येतो. एवढ्याने त्याचा वेळ वाचेल आणि आपला पैसा. आंबा उतरवायला सुरुवात करण्यापूर्वीच ही तपासणी उरकून घ्यावी, ही विनंती.