आजचं पाणी आज: संकटात टिकून राहण्याबद्दल

ज्यांना बसमध्ये किंवा ऑफिसात ऐकणं जमत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर. बोलले तसंच ठेवलंय, फक्त माझे "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत.

मागच्या महिन्यात एका मुलीची व्हॉइस नोट आली. चाळीसेक सेकंदांची. शेवटी तिने विचारलं, "ताई, सगळं एकदम अंगावर आलं की विश्वासात स्थिर कसं राहायचं?" मी लगेच तीन वचनं टाइप केली आणि पाठवायच्या आधी पुसून टाकली. कारण २०२३ मध्ये मलाही अशीच वचनं यायची. सकाळी सहाला, गुलाबाच्या फोटोवर लिहिलेली. वचनं खरीच होती, पण मी ती न वाचता डिलीट करायचे. म्हणून आज तिला उत्तर म्हणून माझीच गोष्ट सांगते.

मी नगरची. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच बसलंय. बी.टेक. झालं, पुण्याला आले, हिंजवडीत बॅकएंडचं काम करायला लागले. २०२२ च्या डिसेंबरात, नाताळच्या दोन आठवडे आधी, पप्पांच्या दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झाल्याचं कळलं. पंधरा वर्षांची शुगर आणि बीपी. डायलिसिस सुरू झालं. आधी आठवड्यातून दोनदा, मग तीनदा. एका वेळी चार तास.

मार्चमध्ये माझ्या कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची एक मीटिंग आली. नाव होतं "क्विक सिंक". अकराव्या मिनिटाला माझी नोकरी गेलेली होती. दुपारी लॅपटॉप लॉक झाला. पगार बंद झाल्याचं दुःख होतंच, पण खरा धक्का वेगळा होता. आईपप्पांचा इन्शुरन्स माझ्या कंपनीच्या पॉलिसीत होता. तोही महिनाअखेरीस संपणार होता.

मग मी प्रार्थना केली. खूप केली. उपास धरले. आता मागे वळून बघते तेव्हा हसू येतं, कारण मी देवाकडे अक्षरशः तिकीट रेज करत होते. प्रायॉरिटी हाय, डेडलाइन एकतीस मार्च. एकतीस मार्च आला आणि गेला. काहीच झालं नाही. त्यात घरी भेटायला आलेले एक ओळखीचे काका आईसमोर म्हणाले, "घरात प्रार्थना कमी पडतेय कुठेतरी. विश्वास असता तर एव्हाना गुण आला असता." आई काही बोलली नाही. उठून चहा टाकायला गेली. मी मात्र त्या दिवसापासून प्रार्थना करायची सोडली. रविवारी आईला चर्चमध्ये सोडायचे आणि उपासना संपेपर्यंत बाहेर स्कूटीवर फोन बघत बसायचे.

आता पप्पांच्या बाटलीबद्दल सांगते.

डायलिसिसच्या पेशंटला पाणी मोजून प्यावं लागतं. लघवी फार कमी होते, त्यामुळे जास्त पाणी प्यायलं की ते अंगात साठतं, पाय सुजतात, धाप लागते. पप्पांना दिवसाला एक लिटर सांगितलं होतं, त्यातच चहा आणि आमटीसुद्धा. आईने एका पारदर्शक बाटलीवर काळ्या मार्करने रेघा मारल्या होत्या. सकाळची रेघ, दुपारची रेघ, रात्रीची रेघ. आणि मे महिना, नगरचं ऊन! पप्पा नुसती चूळ भरायचे, बर्फाचा एक खडा तोंडात धरून बसायचे.

एका दुपारी मी चिडून म्हणाले, "पप्पा, असं किती दिवस चालणार? दोन वर्षं? पाच वर्षं? कसं सहन करणार तुम्ही?"

ते म्हणाले, "पाच वर्षांची तहान मला आज लागलीच नाहीये बाळा. आजची लागलीये. आजचं पाणी आज पुरवायचं. उद्या सकाळी तुझी आई परत बाटली भरते की."

पप्पा वीस वर्षं संडे स्कूल शिकवायचे, त्यामुळे पुढचा प्रश्न येणारच होता. "मान्ना आठवतो का?"

आठवत होता. निर्गम, सोळावा अध्याय. रानात इस्राएल लोकांना रोज सकाळी मान्ना मिळायचा, पण त्या दिवसापुरताच. ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी साठवून ठेवला, त्यांच्या मान्न्यात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती. लहानपणी मला तो देवाचा कंजूसपणा वाटायचा. इतकं देतोयस तर महिन्याचं रेशन एकदम टाक ना! पण त्या दुपारी पहिल्यांदा कळलं की मी नेमकी तीच चूक करत होते. पुढच्या पाच वर्षांचं ओझं आज उचलत होते आणि त्याला लागणारी ताकद आजच मागत होते. ती मिळत नव्हती, म्हणून देव नाही असं ठरवत होते. येशूने शिष्यांना प्रार्थना शिकवली त्यातही भाकर आजचीच मागितली आहे. ती प्रार्थना मी लहानपणापासून पाठ म्हणते. लक्षात मात्र कधी आलं नव्हतं.

मग तुम्ही म्हणाल, ठीक आहे ताई, पण आजची ताकद तरी कुठून येते? मला तर आजच्यापुरतीही वाटत नाही.

त्यासाठी एलीयाकडे जाऊ. १ राजे, एकोणिसावा अध्याय. हा माणूस कर्मेल डोंगरावर केवढा मोठा विजय मिळवून आलेला. आणि राणी ईजबेलची धमकी येताच जीव घेऊन पळाला. सेवकाला मागे सोडलं, एकटा रानात गेला, झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला की आता पुरे, माझा प्राण घे. देवाचा संदेष्टा हे बोलतोय, बरं का. आता बघा देव काय करतो. देव त्याला रागावत नाही आणि विश्वास कमी पडला असंही म्हणत नाही. एलीया झोपतो. देवदूत येऊन त्याला हलवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवलेला. तो खातो आणि परत झोपतो! देवदूत दुसऱ्यांदा येतो, परत जेवायला घालतो. बोलणं नंतर, होरेब डोंगरावर होतं. आधी झोप आणि भाकर.

मी विचार करायला लागले, माझ्या उशाशी भाकर कोणी ठेवली होती? आणि यादी निघाली. आमच्या मंडळीतल्या एक मावशी दर मंगळवारी डबा पाठवायच्या. डायलिसिसचा दिवस, आईला स्वयंपाकाला वेळ नसायचा. डब्याबरोबर वचनाची चिठ्ठी कधीच नसायची. मेथीची भाजी असायची. यूथ ग्रुपमधला एक मुलगा, ज्याच्याशी मी धड बोललेही नव्हते, त्याने दोन दिवस रांगेत उभं राहून महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद जमवले. केशरी रेशनकार्ड, आधार, रिपोर्ट, सगळं. डायलिसिस त्या योजनेत बसलं. आणि आमचे पाळकसाहेब एकदा चारही तास पप्पांच्या खुर्चीशेजारी बसले. शेवटी छोटी प्रार्थना केली आणि गेले. ईयोबाचे मित्रसुद्धा पहिले सात दिवस असेच गप्प बसले होते. नंतर बोलायला लागले आणि सगळं बिघडलं.

म्हणजे मी आकाशाकडे बघत होते आणि देवाची भाकर स्टीलच्या डब्यातून दारात येत होती.

त्या काळात मी इंटरव्ह्यूसाठी पुणे-नगर ये-जा करायचे. सामान असलं की रेल्वेने, दौंडमार्गे. त्या वाटेवर दौंडच्या अलीकडे केडगाव स्टेशन लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलंच. लहानपणी सहलीला गेले होते, पण त्या वर्षी खिडकीतून पाटी बघून रमाबाईंबद्दल नीट वाचायला घेतलं. आणि हादरले.

१८५८ चा जन्म. १८७४ च्या सुमारास दुष्काळात काही महिन्यांच्या आत वडील, आई आणि मोठी बहीण गेली. मग त्या आणि भाऊ, दोघंच पायी देशभर फिरले. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी लग्न झालं, १८८१ मध्ये मनोरमा झाली, आणि १८८२ मध्ये नवरा पटकीने गेला. माझ्यापेक्षा लहान वयात ही बाई सगळं गमावून कडेवर मूल घेऊन उभी होती. १८८३ मध्ये इंग्लंडला बाप्तिस्मा घेतला. आणि त्यानंतर शांत, गोड भक्तीण झाल्या का? अजिबात नाही. बाप्तिस्मा घेतल्यावरही तिथल्या सिस्टर्सशी पत्रांतून कडक वाद घालत राहिल्या. हे मला का मान्य नाही, ते मी का मानू. प्रश्न विचारले म्हणून त्यांचा विश्वास तुटला नाही.

पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते त्यांच्या शेवटच्या वर्षांनी. हिब्रू आणि ग्रीकमधून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणायचं काम त्यांनी घेतलं होतं. छपाईचं काम मुक्तीतल्याच बायका करायच्या. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, जी पुढे मुक्ती सांभाळणार होती. रमाबाईंनी भाषांतर सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तोवर ते काम त्यांनी हातावेगळं केलं होतं. मुलगी गेल्यावर त्यांना रोज काय वाटत असेल, मला माहीत नाही. पण पान रोजचं रोज पुढे जात होतं. हा पण मान्नाच.

आता माझ्या गोष्टीचा शेवट. आपल्याकडे साक्ष सांगताना शेवटी सगळं ठीक होतं. नोकरी मिळते, रिपोर्ट नॉर्मल येतो, सगळे हालेलुया म्हणतात. माझी साक्ष तशी नाही. ऑगस्टमध्ये नोकरी मिळाली, कमी पगाराची. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत पप्पा गेले. मंगळवार होता. डबा आलेला होता.

त्यानंतर मी स्तोत्र ८८ वाचत राहिले, रोज, कित्येक आठवडे. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरी कोणी ते बायबलमधून काढून टाकलं नाही. आम्ही इंजिनिअर लोक म्हणतो ना, एरर लपवू नका, लॉग करा. लपवलेला एरर शोधता येत नाही. स्तोत्रकर्त्यांनी सगळं लॉग केलंय, राग, शंका, एकटेपण. आणि ते देवालाच पाठवलंय. मी बाहेर स्कूटीवर बसून देवाबद्दल तक्रार करत होते. नंतर आत जाऊन देवाकडे तक्रार करायला लागले. माझ्यात एवढाच फरक पडला. पण तो खूप मोठा आहे.

म्हणून त्या व्हॉइस नोटवाल्या मैत्रिणीला, आणि तुम्हा सगळ्यांना, तीन साध्या गोष्टी.

एक, आजच्यापुरतं मागा. सकाळी फोन हातात घ्यायच्या आधी एकच वाक्य: प्रभू, आजची भाकर दे. भावना नसली तरी म्हणा.

दोन, जे वाटतंय ते देवाला खरं सांगा. चांगले शब्द सुचत नसतील तर स्तोत्र उघडा, तिथे तयार आहेत.

तीन, एका माणसाला सांगा. मोठी प्रार्थनासभा नको, एकच माणूस, जो डबा आणून देईल. आणि एलीयासारखं "आता पुरे" असं मनात येत असेल, तर आजच कोणालातरी जवळ बोलवा, डॉक्टरकडे जा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे. पप्पा डायलिसिसला जाताना प्रार्थना करूनच निघायचे.

आणि ज्यांचं सध्या बरं चाललंय, त्यांना एक काम. या आठवड्यात कोणालातरी वचनाचा फोटो पाठवायच्या ऐवजी डबा पाठवा. नाहीतर नुसतं जाऊन बसा.

ती बाटली अजून आमच्या फ्रिजवर आहे. मार्करच्या रेघा पुसट झाल्यात. आई म्हणते टाकून देऊ. मी म्हणते, राहू दे.

आपण प्रार्थना करू या. प्रभू येशू, जो कोणी हे ऐकतोय, वाचतोय, त्याला आजच्यापुरती ताकद दे. उद्याचं उद्या मागू. आमेन.

पुढच्या रविवारी भेटू. काळजी घ्या, आणि जेवून घ्या.