फळांचा रस, पिकाला कस

महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीत दबलेली फळं निघतात, तासगावच्या द्राक्षबागेत पिकून गळालेले मणी पडतात. ते फेकू नका. सांगली-कराडच्या बाजारात गूळही मुबलक आहे. फळं आणि गूळ या दोन्हींतून घरच्या घरी पिकासाठी उत्तम आंबवण तयार होतं.

औषध न फवारलेली, पिकलेली एक किलो फळं न धुता चिरा. सालीवरचं यीस्टच आंबवण्याचं काम करतं. तेवढाच, एक किलो, रसायनविरहित गूळ किसून बरणीत फळं-गूळ असे थर द्या. बरणीचा वरचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवा. तोंडाला सुती कापड बांधा. झाकण घट्ट लावलं तर वायू कोंडतो. बरणी सावलीत ठेवा. गूळ फळातला रस ओढून घेतो, बुडबुडे येतात. आठ-दहा दिवसांनी गाळा.

आंबट-गोड वास आला तर रस जमला. कुजका आला तर वापरू नका. लिटरभर पाण्यात दोन मिली रस मिसळून फळं भरताना संध्याकाळी फवारा. आधी चार झाडांवर करून बघा. शेणखताची जागा मात्र हा रस घेत नाही, दोन्ही हवीतच.